पेसाखात भात चालेल का?

गारा पडायला लागल्या तशी मी गाडी सरळ पेट्रोल पंपाच्या छपराखाली घातली. जोहान्सबर्गमध्ये जानेवारीत हे असंच असतं — तीन वाजता लख्ख ऊन, सव्वातीनला लिंबाएवढ्या गारा. छपराखाली आधीच सात-आठ गाड्या दाटीवाटीनं उभ्या होत्या. माझ्या गाडीचा मागचा भाग बाहेरच राहिला आणि डिकीवर ताडताड सुरू झालं.

तेवढ्यात काचेवर टकटक. बाहेर एक उंच, सावळा माणूस छातीशी पुठ्ठ्याचं खोकं धरून उभा. आमच्या शहरात अनोळखी माणसासाठी कुणी काच खाली करत नाही. पण त्याच्या डोक्यावर विणलेली टोपी होती, आमच्या ज्यू पोरांची असते तशी. मी काच दोन बोटं खाली केली.

"माफ करा, हे खोकं तेवढं आत घ्याल? मी भिजलो तर चालेल. कागद भिजले तर नोकरी जाईल."

"खोक्यात काय आहे?"

"धबधबा," तो म्हणाला.

मी हसले नाही. म्हणजे आलं होतं हसू, दाबलं. मागचं दार उघडलं. त्यानं खोकं सीटवर ठेवलं, दार लावलं आणि स्वतः बाहेरच उभा राहिला, पाठीवर गारा घेत. मी दोन मिनिटं ते बघत बसले, मग माझी मलाच लाज वाटली. पुढचं दार उघडून म्हटलं, बसा आत.

"टोपी बघून काच खाली केलीत ना?" बसता बसता त्यानं विचारलं. "टोपी काय, चोरसुद्धा घालेल."

"चोर खोकं सांभाळायला देत नाही. चोर खोकं नेतो."

"हे पटलं," तो म्हणाला, आणि ओल्या बाहीनं तोंड पुसत इतक्या गंभीरपणे मान हलवली की मला शेवटी हसू आलंच.

त्याचं नाव मोरेनो कापेलुटो. जन्म हरारेचा, घराणं मूळचं ऱ्होड्स बेटावरचं. आम्ही लिथुआनियातून आलेले लोक, आमच्यात असली नावं नसतात. मी मनातल्या मनात ते नाव एकदा म्हणून पाहिलं. बरं वाटलं. मी अतारा लुरी, वय एकोणतीस, धंदा लोकांचे कान तपासण्याचा. आणि निघालो होतो दोघं एकाच ठिकाणी — ग्लेनहेझलच्या सभागृहात. तिथे त्या दुपारी पेसाखच्या सणाच्या हॉटेलातल्या सुट्ट्या विकायला लोक टेबलं मांडून बसणार होते.

आता लुरींच्या घरातून कुणी पेसाखची सुट्टी घ्यायला जाणं म्हणजे नवलच. पेसाख हा आमचा मोठा सण; ते आठ दिवस घरात पावाचा, खमिराचा कणसुद्धा चालत नाही. त्यामुळे आमची आई दरवर्षी महिनाभर आधीपासून कपाटं घासते, कोपरे खरवडते, रोजची भांडी कुलपात टाकून पेसाखची वेगळी काढते. कुणाला हात लावू देत नाही. पण डिसेंबरात तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं की एप्रिलपर्यंत वाकायचं नाही. मी म्हटलं, यंदा मी घासते. आईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी विषय सोडून दिला. त्यापेक्षा हॉटेलात जाऊ, ती म्हणाली.

खरी अडचण होती बाबांची. माझे बाबा, मेंडल लुरी, यांनी चाळीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं. बाटलीवरची चिठ्ठी तीनदा वाचल्याशिवाय त्यांनी कधी कुणाला गोळी दिली नाही. पेसाखला त्यांनी जन्मात घराबाहेर पाण्याचा घोट घेतला नव्हता. आईसाठी ते तयार झाले खरे, पण माझ्या हातात एकोणीस प्रश्नांचा कागद दिला आणि सांगितलं, प्रत्येकाचं उत्तर लिहून आण. त्यांत सगळ्यांत मोठ्या अक्षरात होतं: तांदूळ शिजतो का?

आमच्या लोकांत पेसाखला तांदूळ, मका, वाटाणे, डाळी काहीच खात नाहीत. मोरेनोच्या लोकांत खातात. भांडण नाही, ज्याची त्याची रीत. पण ज्या भांड्यात पेसाखला भात शिजला त्या भांड्यातलं बाबा खाणार नाहीत. एखादे रब्बी, म्हणजे आमचे धर्मगुरू, म्हणतीलही की भांड्यांची एवढी हरकत नाही. बाबा रब्बींपेक्षा स्वतःच्या आजोबांना जास्त मानतात.

सभागृहात मी आधी मॉरिशसच्या टेबलापाशी गेले, कारण आईनं तसं सांगितलं होतं. मॉरिशसला यंदा स्मोलेन्स्की मंडळी जाणार होती आणि त्यांचा भूल देणारा डॉक्टर मुलगा अजून बिनलग्नाचा होता. मी त्याच्याशी एकदा एका लग्नात बोलले होते. रुग्णांना झोपवायला त्याला औषध कशाला लागत असेल, कोण जाणे. मॉरिशसवाल्या बाई मात्र गोड होत्या. एकोणीसच्या एकोणीस प्रश्नांना त्यांनी मान डोलावली. हो, मिस लुरी. नक्की, मिस लुरी. काही काळजी करू नका.

मग मी धबधब्याच्या टेबलाशी गेले. व्हिक्टोरिया धबधबा, झिंबाब्वेच्या बाजूचं हॉटेल. मोरेनो तिथे आपली पत्रकं नीट रचून ठेवत होता. मला कळलं की पत्रकं वाटणं हे त्याचं एका दिवसाचं काम. एरवी तो तपासनीस. सणाच्या दहा दिवस आधी हॉटेलात जाऊन स्वयंपाकघर ताब्यात घ्यायचं, भट्ट्या ज्योतीनं लाल होईस्तोवर तापवायच्या, भांडी उकळत्या पाण्यातून काढायची, आणि मग आठ दिवस दारात उभं राहून काय आत येतंय ते बघायचं. त्याच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता.

मी कागद पुढे केला. त्यानं तो हातात घेतला नाही, टेबलावर ठेवा म्हणाला. परक्या मुलीच्या हाताला हात लागू नये म्हणून आमच्यातले बरेच मुलगे असं करतात. पण तो ठेवलेला कागद त्यानं दोन्ही हातांनी उचलला, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मॉरिशसवाल्या बाईंनी वाचलाही नव्हता.

"हे सगळं जमेल," तो म्हणाला. "सातवा सोडून. तांदूळ शिजणार. निम्मे पाहुणे आमचे आहेत, हरारेचे, काँगोचे. स्वयंपाकघर एकच, भांडी तीच. तुमच्या वडिलांनी येऊ नये."

शेजारी बसलेल्या मिसेस बेनातार, म्हणजे त्या कंपनीच्या मालकीणबाई, यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"पत्रकात तर लिहिलंय, सर्वांच्या रीतींची काळजी घेतली जाईल," मी म्हटलं.

"पत्रक मी लिहिलेलं नाही. मी स्वयंपाकघर बघतो."

"तुम्ही असं सांगत सुटलात तर गिऱ्हाईक कसं येणार?"

"येणारं येईल. पण तुमचे वडील तिथे येऊन आठ दिवस उपाशी राहिले तर… तुम्ही मला पुन्हा गाडीत बसवणार नाही."

पुन्हा. त्या एका शब्दावर मी घरापर्यंत हसत गेले.

दोन दिवसांनी मी त्याला फोन केला. निमित्त होतं खोलीतून नदी दिसते का. मग पुन्हा केला, तिथे एप्रिलमध्ये डास असतात का. मग त्यानं केला — माझ्या गाडीत त्याची छत्री राहिली का? मी म्हटलं, त्या दिवशी तुमच्याकडे छत्री नव्हतीच. तो म्हणाला, हो, तेच विचारून घेत होतो. फेब्रुवारीभर हे चाललं. अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही आठवत नाही. मंगळवारी मी दवाखाना बंद करून नॉरवूडला जायची. तिथल्या कोशर, म्हणजे आमच्या खाण्यापिण्याच्या नियमांनी चालणाऱ्या, कॉफीच्या दुकानात आम्ही खिडकीशी बसायचो. तो साखरेची वाटी माझ्याकडे सरकवायचा आणि बोटं वेळेवर मागे घ्यायचा. वाटी आणि त्याची बोटं यांच्यातलं ते दोन इंच अंतर… मला रात्री झोपताना आठवायचं. एवढ्या वर्षांत मला असं काही झालं नव्हतं.

तो हरारेतल्या आजीबद्दल फार बोलायचा. पेसाखच्या आधी ती पांढऱ्या चादरीवर तांदूळ ओतते आणि एकेक दाणा तीनदा निवडते, गव्हाचा एखादा चुकून राहू नये म्हणून. वय अठ्ठ्याऐंशी, डोळ्यांना कमी दिसतं, तरी दुसऱ्या कुणाला निवडू देत नाही. मी म्हटलं, तुझ्या आजीची आणि माझ्या आईची गाठ घालून द्यायला हवी. तो म्हणाला, घालून दे ना. आणि मग आम्ही दोघंही आपापली कॉफी ढवळायला लागलो.

मला धबधब्यालाच जायचं होतं, हे एव्हाना मला कळून चुकलं होतं. आणि गंमत बघा, बाबांनाही तिथेच जावंसं वाटत होतं. समुद्रावरून विमान म्हटलं की ते नकोच म्हणतात. झिंबाब्वेचं विमान जमिनीवरूनच जातं, दीड-पावणेदोन तास. ते पत्रक घेऊन बसायचे, चष्मा लावून फोटो बघायचे. एका शुक्रवारी सकाळी त्यांनी विचारलं, "हे बरं दिसतंय. तांदळाचं विचारलंस ना?"

"विचारलं," मी म्हटलं. आणि गप्प बसले.

ते खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं. बाबांनी मान हलवली आणि पत्रक घडी घालून खिशात ठेवलं. माझ्यावर त्यांचा इतका विश्वास की उत्तर काय मिळालं ते त्यांनी विचारलंच नाही. पुढचे तीन दिवस मला घास गोड लागला नाही. कुणी सांगणार नव्हतं. मोरेनोशिवाय कुणाला माहीतही नव्हतं. बाबा आनंदानं जेवले असते, मी आठ दिवस मोरेनोला बघितलं असतं. एवढंच तर हवं होतं मला — तो आणि बाबा, एका टेबलावर. पण बाबांच्या पोटात जे जाणार होतं ते माझ्या गप्प बसण्यानं जाणार होतं. चाळीस वर्षं चिठ्ठ्या वाचणाऱ्या माणसाला मी चुकीची बाटली देणार होते.

सोमवारी सकाळी नाश्त्याला मी सांगून टाकलं. बाबा, तिथे भात शिजतो, त्याच भांड्यांत. मला जानेवारीपासून माहीत आहे. शुक्रवारी तुम्ही विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं.

बाबांनी चमचा खाली ठेवला. "तुला कुणी सांगितलं?"

"त्यांच्याच माणसानं. तपासनिसानं. तुम्ही येऊच नका म्हणाला."

"स्वतःच्या हॉटेलाबद्दल?"

"हो."

ते उठून अंगणात गेले. आईनं मात्र माझ्यावरची नजर काढली नाही. इतक्या वेळा फोन करण्याइतके प्रश्न तर बाबांच्या कागदावर नव्हते, एवढंच ती म्हणाली. मग मॉरिशसला फोन लावायला सांगितलं.

मी आधी मोरेनोला लावला. आम्ही येत नाही, मी सांगितलं. बाबांना खरं सांगितलं. मला वाटलं होतं तो निदान हळहळेल.

"बरं केलंस," तो म्हणाला. "तू सांगितलं नसतंस तर मी त्यांना जेवणघराच्या दारातच थांबवलं असतं. तुझ्यासमोर."

"खरंच केलं असतंस?"

"केलं असतं. आणि मग आयुष्यभर पस्तावलो असतो… पण केलं असतं."

फोन ठेवल्यावर मी दवाखान्यात दार लावून रडले. एक म्हातारे गृहस्थ बाहेर कान तपासून घ्यायला बसले होते, त्यांना काही ऐकू आलं नाही. आणि रडता रडताच मला पक्कं समजलं की मला हाच माणूस हवा आहे, दुसरा कुठलाच नाही.

त्यानंतर जे झालं ते मला नंतर कळलं. बाबांनी मॉरिशसला स्वतः फोन केला. एकोणीस प्रश्न विचारले, सगळ्यांना हो मिळालं. मग त्यांनी विसावा विचारला: मी माझ्या कुत्र्याला सेदरच्या, म्हणजे सणाच्या पहिल्या रात्रीच्या जेवणाच्या, टेबलावर बसवलं तर चालेल का? बाई म्हणाल्या, नक्की मिस्टर लुरी, काही काळजी करू नका. आमच्याकडे कुत्रा नाही. बाबांनी फोन ठेवला, टोपी चढवली आणि गाडी काढून मिसेस बेनातार यांच्या कचेरीत गेले. तो तपासनीस कोण, मला भेटायचंय म्हणाले.

मोरेनोनं मला तो प्रसंग इतक्यांदा सांगितलाय की मी तिथे होते असंच वाटतं. बाबा त्याच्यासमोर बसले, त्याच्या मनगटावरचा डाग बघितला, कसा भाजला ते विचारलं. मग म्हणाले, "सगळ्याला हो म्हणणाऱ्या माणसाचं मी जेवत नाही. तू मला नाही म्हणालास. आता सांग, तुझ्या नजरेखाली मला काय खाता येईल?"

मोरेनोनं विचार करायला एक दिवस मागितला. हॉटेलवाल्यांशी बोलला. दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं की हॉटेलच्या मागे कपडे धुण्याची एक जुनी खोली आहे, तिथे जन्मात कधी अन्न शिजलेलं नाही. तिथे दोन गॅस, कोरी भांडी, कोऱ्या ताटल्या. किल्ली फक्त त्याच्या खिशात. बटाटे, अंडी, मासे, कोंबडी, एवढंच मिळेल. जेवणघरातलं काही नाही.

"बटाटे पुरेत," बाबा म्हणाले.

सुट्टीला जाऊन आठ दिवस बटाटे, असं आई कपाळावर हात मारून म्हणाली. भूल देणाऱ्या डॉक्टरबद्दलही बरंच म्हणाली. पण बॅग भरायला तिनंच आधी घेतली.

धबधब्याचा आवाज विमानतळावरून हॉटेलात शिरतानाच ऐकू येतो आणि मग आठ दिवस पाठ सोडत नाही. मोरेनो दारात उभा होता, दहा दिवसांत निम्मा झालेला. दोन्ही हातांना फोड, डोळे तांबडे. मला बघून तो एवढंच म्हणाला, "आलात." आणि लगेच भाजीच्या खोक्यांकडे वळला. पण वळताना कान लाल झाले होते. कानांचं मला कळतं.

आई दुसऱ्याच दिवशी त्या धुण्याच्या खोलीत खुर्ची टाकून बसली. वाकायला बंदी होती, बोलायला नव्हती. मात्झाच्या, म्हणजे बिनखमिराच्या भाकरीच्या, पिठाचे गोळे सूपमध्ये सोडायचे ते मोरेनोनं कधी केलेच नव्हते. आई त्याला बसल्या जागेवरून शिकवू लागली. हात ओले कर. दाबू नकोस. अरे, दगड करतोयस का? तो निमूटपणे वळत होता. तिसऱ्या दिवशी खोलीबाहेर आमच्यासारखेच लिथुआनियावाले अकरा म्हातारे ताटल्या घेऊन उभे होते. त्यांच्या मुलांनी पत्रक वाचून पैसे भरले होते, तांदळाचं कुणी विचारलंच नव्हतं. मोरेनोनं बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, बटाटे वाढव. मिसेस बेनातार तेव्हापासून बाबांना त्या खोलीतलाच चहा स्वतः नेऊन देऊ लागल्या.

पाचव्या दिवशी दुपारी मोरेनोला दोन तासांची सुट्टी मिळाली. आठवड्यातली पहिली. आम्ही धबधब्यासमोरच्या वाटेवर गेलो. तिथे एप्रिलात पाऊस खालून वर येतो. हॉटेलनं दिलेले रेनकोट पाच मिनिटांत कुचकामी झाले. त्याच्या पापण्यांवर पाणी साचलं होतं आणि तो कठड्याला धरून, माझ्यापासून हातभर लांब, उभा होता.

"सणाच्या मधल्या दिवसांत लग्न लावत नाहीत," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"पण विचारायला बंदी नाही. मी शोधून ठेवलंय."

"मग… विचार की."

"आधी एक ऐक. लग्नानंतर आमच्याकडे बायको नवऱ्याची रीत घेते, तुमच्याकडेही तसंच. म्हणजे तुझ्या घरात पेसाखला भात शिजेल. तुझे बाबा तुझ्या घरी सेदरला जेवणार नाहीत. भात सोडतो म्हणालो असतो… पण आजी माझ्यासाठी तांदूळ निवडते, अतारा. तिला सांगायची माझी छाती नाही. हे आत्ताच सांगतोय, नंतर नाही." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आता विचारतो. करशील माझ्याशी लग्न?"

एवढं पाणी उडत होतं की मी रडतेय हे कुणाला दिसलं नसतं. त्याला दिसलं.

"हो," मी म्हटलं. "हो, करीन. पण बाबांना मी सांगणार. आज. आत्ता."

"मी येतो."

"तू मागून ये. आधी मी."

बाबा धुण्याच्या खोलीत संध्याकाळचे बटाटे सोलत होते. आई शेजारी खुर्चीत. मी निथळत आत गेले आणि काही गोल गोल न बोलता सांगितलं. मोरेनोनं विचारलं, मी हो म्हटलं. मला तो फार आवडतो. आणि बाबा, माझ्या घरी पेसाखला भात शिजेल.

आईच्या तोंडून आनंदाचा आवाज निघाला आणि अर्ध्यात थांबला. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबा सोलत राहिले. एक बटाटा संपला, दुसरा घेतला. मला वाटलं, संपलं. ते नाही म्हणणार नाहीत, ओरडणार नाहीत, पण दरवर्षी त्या आठ दिवसांत माझ्या दारावरून निघून जातील.

तेवढ्यात मोरेनो दारात आला, केसांतून पाणी गळत. बाबांनी मान वर केली.

"माझा मुलगा पर्थला गेला त्याला सहा वर्षं झाली," ते म्हणाले. "आमचं टेबल बारा माणसांचं आहे. सेदरला आम्ही तिघं बसतो. त्या रात्री पोरांनी विचारायचे प्रश्न मीच म्हणतो, उत्तरंही मीच म्हणतो." त्यांनी सुरी खाली ठेवली. "वर्षभर मी तुमच्याकडे जेवीन. जे वाढाल ते. पेसाखचे आठ दिवस तुम्ही दोघं आमच्याकडे यायचं. भाताशिवाय राहशील?"

मोरेनोनं लगेच हो म्हटलं नाही. त्यानं खरोखरच विचार केला.

"मी राहीन," तो म्हणाला. "पण आजीला सांगावं लागेल. ती चिडेल. तांदळाची पिशवी घेऊन भांडायला जोहान्सबर्गला येईल."

"येऊ दे," बाबा म्हणाले. "नऊ खुर्च्या रिकाम्या आहेत."

आणि एवढं बोलून ते पुन्हा सोलायला लागले. पण साल जाड निघत होती. आई डोळे पुसत म्हणाली, म्हणजे कपाटं परत मलाच घासायची. मोरेनोनं बाह्या वर केल्या, बाबांच्या समोर स्टूल ओढलं आणि टोपलीतला एक बटाटा उचलला.